काट्याजवळचा हवेचा नळ

देविदास चव्हाण माझा साडू. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो, तर पहिल्याच ओळीला पोटात दुखायला लागलं. तेव्हा ते आधीच कबूल करतो आणि पुढं जातो.

मी रणजीत राठोड, वायरमन. धर्मसिंगमामांची थोरली लेक शिला माझी बायको. सहा वर्षांनी धाकटी पुजा देविदासला दिली. ती सहा वर्षं साखरा गावाजवळच्या मामांच्या तांड्यावर जावई म्हणजे मी एकटा. अंगणात बाज टाकली की उशाकडची जागा माझी. मामा पायथ्याला बसायचे, कधी खाली घोंगडीवर. सासूबाई, म्हणजे रूपाबाई, पहिलं ताट माझ्यापुढं ठेवायच्या. माणसाला सवय लागते.

देविदास लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आला तेव्हा बाजेवर बसलाच नाही. मामांच्या विहिरीवरची मोटार पाणी धरत नव्हती. हा गडी नव्या कपड्यांनिशी विहिरीत उतरला, पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह काढून वर आणला, सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून आत बसवली आणि तासाभरात पाणी चालू केलं. त्याच मोटारीचा स्टार्टर मी तीनदा दुरुस्त करून दिला होता. त्याची आठवणसुद्धा कुणी काढली नाही. रूपाबाई शेजारणींना सांगत होत्या, "लहाना जावई लई गुणाचा हाय." पुढच्या खेपेला बाज टाकली, आणि मामांनी उशाकडच्या बाजूवर हात थोपटून म्हटलं, "देविदास, हिकडं बसा." मी पायथ्याला बसलो. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

त्याचं लहानपण तसं खडतरच गेलं, हे मला मान्य करावं लागेल. आई-बाप ऊसतोडीला जायचे. हा आश्रमशाळेत वाढला, हिंगोलीच्या आयटीआयमधून फिटर झाला, दीड वर्ष पुण्याकडं व्हॉल्व्हच्या कारखान्यात राहिला. आईच्या डोळ्यांची दृष्टी गेली म्हणून परत आला. बोलायचा कमी. विचारलं तेवढंच सांगायचा, आणि एकदा गप्प बसला की त्याच्या तोंडून शब्द काढणं कठीण. लोक त्याला साधेपणा म्हणायचे. मला तो ताठा वाटायचा.

हिंगोलीबाहेर कळमनुरी रस्त्यावर सोयाबीनच्या तेलाचा प्लांट होता. मी तिथं कंत्राटावर होतो. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला लावून द्या," असं शिलानं महिनाभर टुमणं लावलं. शेवटी मीच साहेबांना विचारलं आणि मीच देविदासला फाटकातून आत नेलं. हे २००१ साल.

प्लांटचे मॅनेजर प्रेमानंद खंदारे साहेब. नांदेडला शिकलेले, शांत स्वभावाचे. आवाज चढवायचे नाहीत, पण एकदा बोलले की ते फिरत नसे. दाण्यातून तेल काढायला आमच्याकडं सॉल्व्हंट वापरायचे. पेट्रोलसारखंच ते, ठिणगी पडली की संपलं. त्याच्या आणि तेलाच्या नळ्यांवर मिळून बारा व्हॉल्व्ह होते आणि ते माणसं पळत जाऊन हातानं फिरवायची. २००२ च्या उन्हाळ्यात साहेबांनी ठरवलं की सीझनच्या आधी या व्हॉल्व्हवर आपोआप उघडझाप करणारं यंत्र बसवायचं. कागदावर त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. आम्ही 'डोकं' म्हणायचो, कारण ते व्हॉल्व्हच्या वर बसतं.

डोकी दोन जातीची. एक विजेचं, त्यात मोटार आणि गिअर. दुसरं हवेचं, त्यात कंप्रेसरची हवा शिरली की व्हॉल्व्ह उघडतो. साहेबांनी दोन्हींचा एकेक नमुना मागवला आणि आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "जे डोकं घेऊ, त्याची जबाबदारी एकाकडं राहील. सीझन नीट पार पडला की तो माणूस कायम."

कायमची जागा एकच. विजेचं डोकं आलं तर ती वायरमनची, म्हणजे माझी. हवेचं आलं तर फिटरची. दोन साडू समोरासमोर, मधे टेबलावर दोन लोखंडी डोकी.

मी आधी बोललो आणि चांगलं बोललो. हवेच्या डोक्याला दिवसभर कंप्रेसर चालवावा लागतो, तो वीज खातो ती वेगळीच. हवेत पाणी असतं, त्यानं आतून गंज चढतो. नळ्यांचे जोड गळतात. विजेला एक वायर टाकली की झालं. व्हॉल्व्ह पाव उघडा, अर्धा उघडा, म्हणाल तिथं थांबेल. साहेब मान हलवत होते. मला वाटलं, जमलं.

देविदासनं त्याचं डोकं कंप्रेसरच्या नळीला जोडून आणलं होतं. हवा सोडली, व्हॉल्व्ह उघडला. मग काही न बोलता त्यानं नळी उपसली. आतल्या स्प्रिंगनं व्हॉल्व्ह खटकन बंद केला.

"लाईट गेली, नळी तुटली, कंप्रेसर जळला, तरी ह्यो सोताच बंद व्हतो साहेब," तो म्हणाला. "इजेचा जिथं असल तिथंच थांबतो. आन् सॉल्व्हंटपाशी ठिणगीबी नको."

"त्याला हातचाक हाय की," मी म्हणालो. "लाईट गेली तर फिरवून बंद करायचं."

"सॉल्व्हंट गळून राहिलं असताना हातचाकापाशी कोण जाईल साडूभाऊ? तुमी?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. साहेब मात्र हसले, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. बारा हवेची डोकी घ्यायचं ठरलं. माझी समजूत काढायला पाण्याच्या टाकीवर एक विजेचं घेतलं. त्यातलं पाणी धड पिण्याचंसुद्धा नव्हतं.

पावसाळाभर देविदासनं नळ्या टाकल्या. मी दिवे लावत फिरायचो आणि बघायचो. काम सुंदर होतं, एक जोड वाकडा नाही. त्यानंच माझी जास्त जळजळ व्हायची. वाईट केलं असतं तर सुखानं झोपलो असतो. घरी शिला म्हणायची, "पुजा सांगत व्हती, देविदास कायम व्हणार म्हून." मी ताट बाजूला सारायचो.

दसरा झाला आणि सोयाबीन यायला लागलं. फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. एके दिवशी दुपारी त्या रांगेत मामा दिसले. तांड्यावरच्या हिरासिंगचा ट्रॅक्टर करून माल आणला होता. ट्रॉली वजनकाट्यावर चढली आणि ट्रॉलीचं मागचं चाक बसलं. काटेवाला मुंजाजी ओरडायला लागला, "सरकवा आधी, मागं पन्नास गाड्या हायेत." पंक्चरवाला गावात, तीन किलोमीटरवर. मामा पागोटं काढून उभे. चारचौघांत त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

काट्याशेजारीच तेलाचे टँकर भरायची जागा होती, आणि तिथल्या एका व्हॉल्व्हसाठी देविदासची हवेची नळी तिथपर्यंत आलेली होती. टँकर नव्हता. मी जोड सोडला, रबरी पाइप लावला आणि चाकात हवा भरली. पाच मिनिटांत ट्रॉली काट्यावरून खाली उतरली. मामांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो आमचा थोरला जावई."

पुढचा शेतकरी म्हणाला, "भाऊ, माझंबी चाक बसलंय जरा."

"घ्या की," मी म्हणालो. "हवाच तर हाय."

पहिल्या दिवशी माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवसाचं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच नळीतून एक फाटा काढला, भिंतीमागून फिरवून आणला आणि काट्याजवळ रीतसर नळ बसवला. साहेबांनी विचारलं, "ही हवा कुठली?" मी म्हणालो, "वर्कशॉपची." वर्कशॉपात एक लहान कंप्रेसर होता, पण तो लांब, पार मागच्या टोकाला. साहेब खूश झाले. शेतकरी दुसऱ्या प्लांटची वाट सोडून आमच्याकडं वळायला लागले. काट्यावर माझं नाव व्हायला लागलं. मामांनी तांड्यावर त्या नळाचं इतकं कौतुक केलं की शिला माहेराहून आली ती गालातल्या गालात हसत. दीड वर्षात पहिल्यांदा घरी देविदासचं नाव निघालं नाही.

आणि प्लांट बंद पडायला लागला. चालता चालता व्हॉल्व्ह खटाखट मिटायचे आणि सगळं थांबायचं. पुन्हा गरम करून चालू करायला तास-दीड तास. दिवसातून दोनदा, तीनदा. बाहेर रांग वाढायची, आत साहेबांच्या कपाळावरची शीर फुगायची.

देविदास ब्रश आणि साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन एकेका जोडावर फेस लावत हिंडायचा. गळत असेल तर बुडबुडा येतो. त्याच्या जोडांना बुडबुडे येत नव्हते. येतील कसे?

कारण मला मुंजाजीकडून कळलं. तो काट्यावर बसून सगळं बघायचा. चहा पिताना सहज म्हणाला, "गंमत बघा रणजीतभाऊ. तीन ट्रॉल्या तुमच्या नळाला लागल्या की आत बंद पडून राहिलं. चार दिसांपासून बघून राहिलो." मी म्हणालो, "योगायोग असल." पण मला लगेच उमगलं. मोठी चाकं एकामागून एक हवा ओढत होती, कंप्रेसरच्या टाकीतला दाब उतरत होता, आणि दाब उतरला की स्प्रिंग आपलं काम करत होती. हवा गेली की बंद हो, असंच तिला सांगितलेलं. केबिनमध्ये देविदासनं जो गुण दाखवला होता, त्याच गुणावर मी त्याला अडकवला होता.

नळ काढायला मला एक पाना आणि दहा मिनिटं पुरली असती. मी काढला नाही. मामा चारचौघांत थोरला जावई म्हणाले होते. नळ गेला असता तर मी पुन्हा पायथ्याला. आणि हेही खरं की साहेब देविदासवर चिडले की मला बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की मी ते बघायला मुद्दाम केबिनजवळचे दिवे तपासायला जायचो.

त्यानंतर दोनच दिवसांनी देविदास काट्याकडं आला. डबा खाली ठेवला. नळाकडं पाहिलं, वाकून भिंतीमागं पाहिलं, नळीवरून हात फिरवत फाट्यापर्यंत गेला. मी दिव्याच्या खांबावर चढलेलो, तिथूनच बघत होतो. एक म्हातारा शेतकरी पाइपाशी झटत होता. देविदासनं त्याच्या हातातून पाइप घेतला, चाकात हवा भरून दिली, नळ बंद केला, हात पुसले. मग वर, माझ्याकडं पाहिलं आणि निघून गेला.

आता हा साहेबांना सांगणार. दिवसभर मी केबिनच्या दाराकडं बघत राहिलो. साहेबांनी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी कँटीनमध्ये तो नेहमीसारखा माझ्यासमोर बसून भाकरी खायचा, जेवण संपलं की एकदा माझ्याकडं बघायचा आणि उठायचा. असे पाच दिवस. सहाव्या दिवशी तेलाचे तीन टँकर अडकून पडले आणि साहेबांनी त्याला बोलावलं. मी दारातच होतो.

"कारण सापडलं का?" साहेबांनी विचारलं.

देविदास हातातल्या पान्याकडं बघत राहिला.

"मी तुला विचारतोय. तुझ्या शब्दावर मी ही डोकी घेतली."

"डोकी चांगली हायेत साहेब," तो म्हणाला. पुढं एक शब्द नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. देविदासनं पाने एकेक करून फडक्यानं पुसले, आकाराप्रमाणं टेबलावर लावून ठेवले आणि सायकल काढून गेला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? पण तो दिवाळीपर्यंतसुद्धा टिकला नाही.

दिवाळीला आम्ही दोघंही सासुरवाडीला. अंगणात बाज टाकलेली. देविदास आपणहून पायथ्याला जाऊन बसला. मामांनी उशाकडं हात थोपटला, "थोरले जावई, तुमी हिकडं." मी बसलो. रूपाबाईंनी पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं. मामांनी आल्यागेल्याला त्या ट्रॉलीची आणि नळाची गोष्ट पुन्हा सांगितली. मग देविदासकडं वळले. तांड्यावरच्या आमच्या बोलीत त्यांनी विचारलं त्याचा अर्थ एवढाच, की तुमची नोकरी काहून गेली? इतकं शिकलेलं पोरगं, काय चुकलं?

पुजा चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. मी ताटाकडं बघत राहिलो.

"हवा कमी पडली, मामा," देविदास म्हणाला.

मामांना ते उमगलं नाही. त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडली. देविदासनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ज्या जागेसाठी मी दीड वर्ष जळलो, त्या जागेवरून मी अर्धं ताट टाकून उठलो.

दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी पहाटपाळीला जाऊन मी नळ काढला आणि फाट्यावर टोपण घट्ट बसवलं. शेतकऱ्यांनी शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. साहेबांकडं जाऊन सगळं सांगायचं, असं मी वाटेत ठरवलं होतं. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्लांट एकदाही बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवडाभर नाही. आणि मी सांगायला जाण्याआधी साहेबच माझ्याकडं आले.

"रणजीत, तू त्या लाईनीवर काहीतरी केलंस म्हणे. मुंजाजी सांगत होता."

"व्हय साहेब. एक गळती व्हती. बंद केली."

"फिटरला इतक्या दिवसांत सापडली नाही ती तुला सापडली." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सीझन संपल्यावर मला कायम केल्याचं पत्र मिळालं. बारा हवेच्या डोक्यांची जबाबदारी माझ्यावर. विजेची बाजू घेऊन भांडलेला मी, हवेचा रखवालदार झालो. सांगायचं ते तोंडात आलं होतं, साहेबांच्या हाताच्या वजनाखाली ते परत आत गेलं, आणि मग रोज जरा जरा खोल जात राहिलं.

फेब्रुवारीत एका डोक्याचा आतला रबरी पडदा फाटला. मला ते डोकं उघडतासुद्धा येईना. आत दाबलेली स्प्रिंग असते, चुकीच्या क्रमानं बोल्ट सोडले तर तोंडावर येते. साहेबांनी दोनदा विचारलं, "झालं का?" तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी ते डोकं गोणपाटात गुंडाळून लुनाच्या मागं बांधलं आणि आखाडा बाळापूरची वाट धरली.

देविदासनं तिथं नांदेड रस्त्यावर जुना कंप्रेसर घेऊन पंक्चरचं दुकान टाकलं होतं, हे पुजानं शिलाला सांगितलेलं. मला वाटलं होतं, माशा मारत बसला असेल. पाहतो तर दुकानापुढं दोन ट्रक, चार ट्रॅक्टर, आणि एक साखर कारखान्याची जीप, मागं व्हॉल्व्ह भरलेली. लोक त्याला देविदासराव म्हणत होते. खरं सांगतो, त्याचं सगळं घेऊन बसलेला मी, तिथं रस्त्यात उभा राहून पुन्हा जळलो.

त्यानं गोणपाट सोडलं, डोकं ओळखलं. "आठ नंबरचं हाय," म्हणाला. मला बाजूला बसवून कुठला बोल्ट आधी, कुठला शेवटी, हे दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. स्वतःजवळचा पडदा कापून बसवला. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही.

"तुला ठाऊक व्हतं," मी म्हणालो.

"व्हय."

"मंग साहेबाला काहून सांगितलं न्हाई?"

तो पाना पुसत राहिला. "तुमी मला फाटकातून आत नेलं व्हतं. मी तुमचं नाव कसं घेऊ? मला वाटलं, तुमी सोताच बंद करसाल. रोज वाट पाहिली. आज करसाल, उद्या करसाल."

मी डोकं लुनाला बांधायला लागलो. गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली. निघताना देविदासनं माझं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि न विचारता पाइप लावला. मी खिशात हात घातला.

"ऱ्हाऊ द्या साडूभाऊ," तो म्हणाला. "हवाच तर हाय."

तो मागच्या ट्रककडं वळला. हिंगोलीपर्यंत पस्तीस किलोमीटर मी त्याच हवेवर आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब येण्याआधी डोकं जागेवर बसवलं. ते अजून चालू आहे.